जर्मनच्या वर्गातला पेशंट

लातुरात जर्मन भाषा शिकवून पोरी परदेशी धाडणाऱ्या माणसांत मला धरावंच लागंल. शिकवायच्या मॅडम, मी नुसता खाटेवर आडवा पडायचो.

मी मूळचा कंधार तालुक्यातला. शाळेत गेलोय, पण तिच्यावर पत्रे टाकायला. वरून मी खिळे ठोकत होतो आन् खाली मास्तर शिकवून राहिले होते. ते पाढे होते का कविता, वरून कळलं न्हाई. माझं शिक्षण तेवढंच. थोरला पोरगा लातुरात डाळमिलमध्ये मशिनीवर लागला म्हणून आम्ही नवरा-बायको त्याच्या मागं आलो. गावाकडची जमीन धाकटा भाऊ करतो. मी तिथून हाललो तवापासून ती जास्त पिकती म्हणतो.

लातुरात आल्यावर मी घरात बसून राहायला लागलो. बसतो म्हणजे बायकोच्या झाडूच्या नेमका आडवा बसतो. तिनंच कुणाला तरी बोलून मला एका क्लासच्या इमारतीत कामाला लावलं. कुलूप काढायचं, पाणी भरायचं, फळा पुसायचा, पोरींच्या स्कूट्या सरळ लावायच्या. लातुरात क्लास म्हणलं की डॉक्टरकीचा न्हाईतर इंजिनिअरकीचा. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा क्लास जर्मनचा होता. नर्सिंग केलेल्या पोरी यायच्या. जर्मनीत म्हातारी माणसं लई झालीत आन् त्यांना बघायला कुणी न्हाई, म्हणून ते लोक इकडून सिस्टर मागवून राहिलेत. फक्त त्यांची भाषा आली पाहिजे. म्हातारी माणसं आमच्याकडं बी लई झालीत, पण आम्हाला बघायला कुणी जर्मनीतून येत न्हाई.

हे सगळं मी घरी जाऊन सांगितलं. म्हणजे बायकोला सांगितलं, आन् सून ऐकत होती.

आता हे जरा समजावून सांगायला लागंल. आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत न्हाई. कुणी तसा हुकूम काढलेला न्हाई. माझी आई माझ्या आज्याशी बोलली न्हाई, माझी बायको माझ्या बापाशी बोलली न्हाई, तर माझी सून माझ्याशी कशाला बोलंल. सून शिकलेली हाय, नर्सिंगचा कोर्स केलाय, दवाखान्यात गड्यांना सुया टोचती. पण घरात आली की डोक्यावर पदर, न्हाईतर ओढणी, आन् माझ्यासमोर तोंड बंद. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं.

"आत्या, मामांना म्हणावं ताट वाढलंय."

मी हातभर अंतरावर बसलेलो. ऐकलेलं. पण उठायचं न्हाई. बायको म्हणणार, "अहो, ताट वाढलंय," मग मी उठणार. बायको घरात नसली तर सून कूलरला सांगायची. "मामांची गोळी राहिलीय." कूलर बंद असला तरी सांगायची. मी बी कूलरकडं बघूनच म्हणायचो, "घेतो." पोराच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आमचं दोघांचं आन् कूलरचं चांगलं चाललं होतं.

ह्या गोष्टीचा मला लई अभिमान. गावाकडं पारावर बसलो की सांगायचो, सून नर्स हाय, पगार आणती, पण माझ्यासमोर अजून चकार शब्द न्हाई. लोक माना हलवायचे. एक जण एवढंच म्हणाला, तुझ्याशी बोलून बी काय मिळणार हाय तिला. पण तो आमचा भाऊबंद होता, त्याचं मी मनावर घेतलं न्हाई.

तर जर्मनीचं ऐकून सुनेनं त्या दिवशी दोनदा वरण करपवलं. रातच्याला पोराशी बोलली, पोरगा आईशी बोलला, आई माझ्याशी बोलली. सुनेला क्लासला जायचं होतं. ती ज्या खाजगी दवाखान्यात होती तिथं पेशंट कमी असले की डॉक्टरच्या बायकोची मेथी निवडावी लागायची. तिनं बायकोला सांगितलं, "आत्या, मी मेथी निवडायला कोर्स केला न्हाई. मला एकदा खऱ्या वॉर्डात काम करायचंय." पोरगा म्हणाला, जाऊ दे तिला, ती गेली की मागून मी बी जातो, तिकडं मशिनीवाल्याला काम हाय. मला विचारलं. मी म्हणलं, मीच तर आणली ना खबर, मी कशाला नको म्हणू. झालं. सुनेनं दवाखाना सोडला आन् क्लासला आली. मी खाली तिची स्कूटी सरळ लावायचो. ती स्कूटीला थँक्यू म्हणायची.

मॅडम नांदेडच्या. बाप मास्तर, आई मास्तरीण, स्वतः पुण्याला जाऊन जर्मन शिकलेल्या. आधी त्यांनी फळ्यावर शिकवलं. पोरींनी सगळं पाठ केलं. जिन्यात उभं राहून ऐकलं तर भजनासारखं वाटायचं, सगळ्यांचा एक सूर. पण मॅडमनी एखादीला जर्मनमध्ये विचारलं की बाई गं, तू आज सकाळी काय केलंस, की ती पोरगी वर पंख्याकडं बघायची. सगळ्याच पंख्याकडं बघायच्या. मला वाटलं पंखा बिघडला, मी शिडी घेऊन आलो.

शिडी बघून मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "काका, पंखा नीट आहे. माझं चुकतंय. ह्यांना तिथे जाऊन फळा पुसायचा नाहीये. पेशंटला उठवायचंय, जेवू घालायचंय, गोळी द्यायचीय. मग भाषा पण ते करता करताच शिकवायला पाहिजे. ऐकणं, बोलणं, लिहिणं, हाताचं काम, सगळं एकत्र. व्याकरण लागेल तिथे लागेल तेवढं."

मी म्हणलं, "बरोबर हाय."

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, जमेल?"

मला कुणी असं विचारत न्हाई. त्या भरात मी माझं तेलुगू सांगितलं. तरुणपणी मी देगलूरच्या बाजारात पोती उचलायला होतो. तिथं निम्मे व्यापारी तेलुगू बोलणारे. मला कुणी शिकवलं न्हाई, पण एत्तू म्हणलं की पोतं उचलायचं, दिंचू म्हणलं की उतरवायचं, हे पाठीला कळलं. मॅडम एकदम खूश झाल्या. "बघा, हेच. कामातून आलेली भाषा विसरत नाही."

मग मी पुढचं बी सांगितलं. एकदा बसस्टँडवर एका तेलुगू बाईनं मला विचारलं, बरे आहात का, पण ते मला मागून कळलं. मी तिची ट्रंक उचलली आन् बसच्या टपावर टाकली. तिला त्या बसनं जायचंच नव्हतं. बस हैदराबादला गेली.

मॅडम म्हणाल्या, "हं. म्हणजे सगळं एकत्र शिकवलं पाहिजे, नुसतं काम पण नको."

दुसऱ्या दिवसापासून वर्गाचा वॉर्ड झाला. मी खाट वर चढवली, सलाईनचा स्टँड, बीपीचं मशीन, पातेली, चादरी सगळं आणलं. पेशंट म्हणून रबराचा पुतळा आणला होता. त्याचा हात पहिल्याच दिवशी एका पोरीच्या हातात आला. ती किनवटकडची पोरगी, वसतिगृहात राहून शिकलेली, दणकट. ती हात धरून त्याला जर्मनमध्ये विचारून राहिली होती, दुखतंय का. पुतळा काही बोलला न्हाई. मॅडम म्हणाल्या, "बोलणारा पेशंट पाहिजे." सगळ्यांनी दाराकडं बघितलं. दारात मी बादली घेऊन उभा होतो.

असा मी जर्मनच्या धंद्यात आलो.

मला मॅडमनी थोडेच शब्द शिकवले. या म्हणजे हो. नाइन म्हणजे न्हाई. आन् श्मेर्त्सन म्हणजे दुखणं, ते म्हणतानाच दुखतं. पोरगी येणार, गूटन मॉर्गन म्हणणार, माझी उशी नीट करणार, नाव विचारणार, कुठं दुखतंय विचारणार, मी बोट दाखवणार. ती तसं करता करता बाकीच्या वहीत लिहून घेणार, मग दुसरी पोरगी तेच फोनवर डॉक्टरला कळवणार. एका माझ्या गुडघ्यावर अख्खा वर्ग जेवायच्या सुट्टीपर्यंत जर्मन बोलायचा. पोरींची पंख्याकडं बघायची सवय गेली. हातात काम असलं की तोंड आपोआप चालतं, हे मी घरी भाकरी करताना बायकोचं बघितलेलंच होतं.

पण मला नुसतं पडून राहणं जमंना. मी नाटक करायला लागलो. दुखतंय का विचारलं की मी गुडघा दाखवायचो, मग कंबर, मग दात, मग शेजाऱ्याची म्हैस आमच्या दारात बांधलेली असती ते बी मराठीत सांगायचो. किनवटची पोरगी म्हणायची, "काका, एकच दुखणं सांगा ना. मला एवढ्या अवयवांची जर्मन येत न्हाई." मी म्हणायचो, खरा पेशंट असाच असतो. मॅडम म्हणायच्या, "खऱ्या पेशंटला आपण बाहेर थांबायला सांगतो, काका."

मग एक दिवस सुनेची पाळी आली.

तोपर्यंत ती मागच्या बाकावर बसून लिहायची. लिहिण्यात सगळ्यांच्या पुढं. दुसऱ्या पोरींबरोबर जोडीनं बोलायची तर फडफड बोलायची. मॅडम म्हणायच्या, हिची जर्मन सगळ्यात साफ. ती उठली, खाटेपाशी आली, मला बघितलं, डोक्यावर ओढणी घेतली आन् उभी राहिली. मी डोळे मिटले. मला वाटलं डोळे मिटले की मी सासरा दिसणार न्हाई.

मग सून किनवटच्या पोरीकडं वळून मराठीत म्हणाली, "मामांना विचार, दुखतंय का."

पोरगी म्हणाली, "ते हितंच हायेत की."

"हो, पण विचार."

मॅडमना काही कळंना. मग किनवटच्या पोरीनं सांगितलं की हे काका हिचे सासरे हायेत. मॅडमनी सुनेला बाहेर नेलं. मी खाटेवरूनच कान लावला. मॅडम सांगत होत्या की तोंडी परीक्षेत परीक्षक स्वतः पेशंट होतो. मध्ये सांगायला कुणी नसणार. आन् तिकडं वॉर्डात सगळे म्हातारेच असणार. "तू ह्यांच्याशी बोलली नाहीस तर त्यांच्याशी पण अडकशील. लेखीत तू पहिली येशील आणि तोंडीत नापास होशील. मग जागा दुसऱ्या कुणाला जाईल."

सून म्हणाली, "माहितीय मॅडम. तोंड उघडायला जाते, ते उघडतच नाही."

खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं. वाटलं, बघा, परक्या भाषेत सुद्धा माझी सून माझी अब्रू राखून हाय. हे मी संध्याकाळी बायकोला कौतुकानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"तिची परीक्षा जाईल आन् तुमी अब्रू घेऊन बसा."

"मग मी काय करू?"

"तिला सांगा, बोल म्हणावं माझ्याशी."

"तूच सांग की तिला. मी म्हणालो म्हणून सांग."

"का? तुमी सांगा."

"मी कसा सांगू? सासरा हाय मी तिचा."

बायकोनं माझ्याकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दाराआड सून उभी होती, बांगड्या वाजल्या. बायको म्हणाली, "दोघांनी मिळून मला पोस्ट हापिस करून टाकलंय. मी मेल्यावर कसं करणार?" दाराआडून उत्तर आलं, "आत्या, असं बोलू नका." मी म्हणलं, "तिला म्हणावं बरोबर बोलली."

त्या दिवशी भाकरी जाड झाल्या.

मॅडमनी उपाय काढला. मला चादरीनं तोंडापर्यंत झाकायचं, म्हणजे सुनेला सासरा दिसणार न्हाई. मी झाकून घेतलं. सून आली, उभी राहिली. तेवढ्यात खालच्या टपरीवाला चहा घेऊन आला. त्यानं दारात चपला काढल्या, किटली खाली ठेवली, हात जोडले आन् हळूच विचारलं, "कधी गेले?" मी चादरीतून म्हणलं, "अजून न्हाई, चहा ठेव." त्यानं किटली तिथंच ठेवली आन् गेला. त्या दिवसापासून चहाला त्याचा भाऊ यायला लागला.

सून तरी बोलली न्हाई. किनवटच्या पोरीनं कारण विचारलं तर म्हणाली, "पाय दिसतात की त्यांचे."

मी मॅडमना म्हणलं, मला काढा, दुसरा म्हातारा बघा. खालच्या मजल्यावर विम्याच्या हापिसात एक हाय, तो नुसता बसूनच असतो. मॅडमनी त्याला बी आणून बघितला. तो खाटेवर पडला आन् खराच झोपला. सून त्याच्याशी बी अडकली. त्याला उठवायची पाळी माझ्यावर आली.

परीक्षा जवळ येत चालली. घरात सून कमी जेवायला लागली. पोरगा सकाळी मिलला जाताना तिला म्हणायचा, होईल गं, ती म्हणायची, कसं होईल ते सांगा. मला हे सगळं ऐकू यायचं. पण ते मला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं मला काही बोलता येत नव्हतं.

मग जेवणाचा धडा आला. मॅडम म्हणाल्या, पुस्तकातलं जेवण नको, खरं आणा. प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा, त्यात काय घातलंय ते जर्मनमध्ये सांगायचं, बाकीच्यांनी लिहायचं, मग पेशंटला विचारायचं, खाणार का, किती, गरम पाहिजे का गार. मॅडमना त्यात एकदम सगळंच घ्यायचं होतं, शब्द, बोलणं, लिहिणं, चमच्यानं भरवायची रीत. मला त्यात एवढंच कळलं की खायला मिळणार हाय. मी सकाळी घरी काही खाल्लं न्हाई. पोट मोकळं ठेवून गेलो. शिकवायचं म्हणलं की तयारीनं गेलं पाहिजे.

मला शुगर हाय. हे घरात सगळ्यांना माहीत हाय, कूलरला तर सगळ्यात जास्त. पण वर्गात कुणाला माहीत नव्हतं. धड्याप्रमाणं पहिल्या पोरीनं मला विचारलं, तुम्हाला काही आजार आहे का. मी म्हणलं, नाइन. मॅडम म्हणाल्या, "छान. स्पष्ट बोललात." मग एक एक ताटली पुढं यायला लागली. पोहे, मी या म्हणलं. इडली, या. तिसरीनं साजूक तुपातला शिरा आणला होता, वर काजू. मी दोनदा या म्हणलं. किनवटच्या पोरीनं गुलाबजाम आणले होते, मोठ्या डब्यात. ती चमच्यात एक घेऊन माझ्या तोंडापाशी आणून राहिली होती आन् जर्मनमध्ये विचारत होती, एक का दोन. मला जर्मनमध्ये दोन म्हणता येत न्हाई म्हणून मी बोटं दाखवली. तीन दाखवली.

तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

"नाइन. दास द्युर्फन झी निष्ट एसन. झी हाबन त्सुकर."

सून खाटेपाशी उभी होती. ओढणी खांद्यावर, कंबरेला हात. तिनं चमचा किनवटच्या पोरीच्या हातातून काढून घेतला. गुलाबजाम माझ्या तोंडापासून एवढ्याशा अंतरावरून परत डब्यात गेला. मी तोंड उघडंच ठेवलं, म्हणलं काही बदल झाला तर.

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, ती म्हणतेय, हे तुम्ही खायचं नाही. तुम्हाला शुगर आहे."

मी म्हणलं, "नाइन."

मग तर ती थांबलीच न्हाई. मला त्यातलं फार कळलं न्हाई, पण बोट एकेका गोष्टीकडं जात होतं. खिशाकडं गेलं, तिथं बिडीचं बंडल होतं. पायाकडं गेलं, मी चप्पल न घालता हिंडतो आन् शुगरवाल्यानं तसं हिंडू नये, ते असावं. पोटाकडं गेलं. मग हाताच्या मुठीतून काहीतरी मागं टाकल्यासारखं करून दाखवलं, तवा मला कळलं की गोळ्या मी कूलरच्या मागं टाकतो हे तिला माहीत हाय. दोन वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर आलं. पोरी वहीत लिहून घेत होत्या. एका जागी ती अडकली, शब्द सुचला न्हाई. मला वाटलं संपलं. पण मॅडमनी शब्द पुरवला आन् गाडी पुढं गेली. मी मध्ये मध्ये या म्हणत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

ती थांबल्यावर तिलाच भान आलं. ओढणी डोक्यावर गेली. चेहरा उतरला. मॅडमना म्हणाली, "मी मामांना काय काय बोलले."

मॅडम म्हणाल्या, "व्याकरणाच्या चुका झाल्या, त्या नंतर बघू. पण तू त्यांच्या डोळ्यांत बघून बोललीस. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत झी म्हणालीस. झी म्हणजे अहो. एकदाही अरे-तुरे केलं नाहीस."

हे ऐकून मला धीर आला. म्हणजे शिव्या खाल्ल्या, पण मानानं खाल्ल्या. मी खाटेवरून मॅडमना म्हणलं, "तिला म्हणावं, जर्मनमध्ये चालतंय. आमच्यात जर्मनचं काही ठरलेलं न्हाई."

सुनेनं ऐकलं. मॅडमनी मुद्दाम तिला सांगितलं न्हाई. मग सुनेनं माझी उशी नीट केली आन् माझ्याकडं बघून विचारलं, "हाबन झी श्मेर्त्सन?"

मी म्हणलं, "या." गुलाबजाम गेल्याचं दुखत होतं.

त्या दिवसापासून घरात नवीनच सुरू झालं. मराठीत तसंच, ताट वाढलंय म्हणावं, पाणी तापलंय म्हणावं. पण गोळीची वेळ झाली की सून माझ्यासमोर येऊन उभी राहायची, हातात गोळी आन् पाणी. "मुंड आउफ, बिटं." म्हणजे तोंड उघडा. बिटं म्हणजे कृपा करून, पण तिच्या तोंडी ते तसं वाटायचं न्हाई. मी तोंड उघडायचो. ती वाकून बघायची गोळी गिळली का. बायको चुलीपासून विचारायची, "काय म्हणाली?" आन् मी सांगायचो. आता निरोप पोचवायचं काम माझ्याकडं आलं. बायको म्हणायची, "विचारा तिला, भाजीत मीठ बघितलं का." मी म्हणायचो, एवढी माझी जर्मन झालेली न्हाई.

पोरगा कामावरून आला की दारातच थांबून ऐकायचा. एकदा म्हणाला, "बाबा, ती तुम्हाला झापती का काय?" मी म्हणलं, न्हाई, अभ्यास घेऊन राहिलो तिचा.

गावाकडं गेलो तवा पारावर सांगितलं की सून आता माझ्याशी बोलती, पण परदेशी भाषेत आन् अहो लावून. लोकांनी विचारलं, काय बोलती? मी म्हणलं, तब्येतीची चौकशी करती. भाऊबंद म्हणाला, बोलून दाखव. मी मुंड आउफ म्हणलं. त्यानं तोंड उघडलं न्हाई, त्यावरून मी सगळ्यांना सांगितलं की ह्याला भाषेतलं काही कळत न्हाई.

परीक्षा पुण्याला होती. पोराला मिलमधून सुट्टी मिळाली न्हाई, म्हणून एसटीनं सुनेला घेऊन मी गेलो. घेऊन गेलो म्हणजे तिकीट तिनं काढलं, रस्ता तिनं विचारला, मला उलटी झाली तवा पिशवी तिनं धरली. गाडीत ती माझ्यावरच उजळणी करून राहिली होती. मागच्या सीटवरच्या माणसानं शेवटी विचारलं, ह्या बाई कोणत्या देशाच्या? मी म्हणलं, निलंग्याच्या.

परीक्षेच्या जागी मला बाहेर बाकावर बसवलं. दार बंद झालं. त्याच्या आधी फटीतून मला दिसलं, आत एक पांढऱ्या केसांचा माणूस खुर्चीत बसला होता, माझ्याहून म्हातारा. सुनेचा हात ओढणीकडं गेला. डोक्यावर गेला का खांद्यावरच राहिला, ते दिसायच्या आत दार लागलं. मला एकदम वाटलं, मी आत पाहिजे होतो. मी असलो की तिला राग येतो आन् राग आला की तिची जर्मन चांगली येती. मी दारावर टकटक केली. एका बाईनं उघडलं. मी म्हणलं, माझी काही गरज हाय का. ती म्हणाली, "तुम्ही कोण?" मी म्हणलं, पेशंट. ती म्हणाली, दवाखाना पुढच्या चौकात आहे.

सून बाहेर आली तवा चेहऱ्यावरून काही कळंना. मी बी विचारलं न्हाई. जर्मनमध्ये कसं झालं हे विचारता येत नव्हतं आन् मराठीत विचारायची रीत न्हाई. परत येताना ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी अख्खा रस्ता जागा होतो.

काही दिवसांनी निकाल फोनवर आला. पोरगा मिलमध्ये, बायको बाजारात. घरात आम्ही दोघंच. सून फोन बघत उभी राहिली, मग खाली बसली, मग परत उभी राहिली. कूलरकडं बघून म्हणाली, "पास झाले." मग गालांवरून हात फिरवला. लेखीत झाली होती, तोंडीत बी झाली होती. तोंडीत तर लई चांगली झाली होती.

तेवढ्यात शेजारचे दोघं-तिघं आले. मी त्यांना बसवलं आन् सांगायला सुरुवात केली. की हे सगळं कसं जमलं, की आधी पंखा कसा होता, खाट कुणी वर चढवली, की भाषा शिकायला समोर कसा माणूस लागतो, की मॅडमची पद्धत चांगलीच हाय पण पेशंट चांगला नसता तर काय उपयोग, की त्या पुण्याच्या म्हाताऱ्यासमोर ती बोलली ते माझ्यावर सराव झाला होता म्हणून. शेजारी म्हणाले, खरंच, तुमचं लई योगदान. मी म्हणलं, आता काय सांगायचं.

सून चहा घेऊन आली. सगळ्यांना कप दिले. मला बिनसाखरेचा. मग माझ्यासमोर थांबली, सरळ माझ्याकडं बघितलं, आन् मराठीत, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मामा, तो पुण्याचा म्हातारा बरा होता. विचारलं तेवढंच बोलत होता."